ताईस, गोधडीच्या हिशोबाबद्दल

अमळनेर,
चैत्र

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, गोधड्या शिवून विकायचं मनावर घेतलंय," तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं "बरं" म्हटलं. ते तुला कोरडं वाटलं असेल. तसं नव्हतं गं. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळचं आवरून लिहायला बसले.

तुझ्या हाताची मला काळजी नाही. दहावीच्या सुट्टीत तू शिवलेलं दुपटं अजून ट्रंकेत आहे. टाका तांदळाएवढा, वरून-खालून सारखा. काळजी आहे ती स्वभावाची, कारण तो तू माझा घेतलास. कुणी "किती द्यायचे?" विचारलं की आपली जीभ अडते.

तू आठवीत असताना एक व्यापारी घरून १२ गोधड्या घेऊन गेला होता, आठवतं? साड्या घरच्याच, खर्च काय तो दोऱ्याचा, म्हणून मी एकीचे ३५० सांगितले आणि वर मलाच वाटत राहिलं की जास्त तर नाही झाले. पुढच्या थंडीत मावशीला नाशिकच्या एका प्रदर्शनात त्यातलीच एक दिसली. कोपऱ्यात मी घालते ती तुळस तिने ओळखली. किंमत होती २,४००. त्याने फसवलं, असं मी कितीतरी वर्षं म्हणत होते. पण भाव मीच सांगितला होता. त्या १२ गोधड्यांना माझ्या तीन महिन्यांच्या दुपारी लागल्या होत्या आणि त्या मी हिशोबात धरल्याच नव्हत्या. आपल्याकडे कापूस वेचायला जाणारी बाईसुद्धा किलोचा भाव ठरवल्याशिवाय वावरात पाय टाकत नाही. मी मात्र घरात बसून शिवते म्हणजे ते काम नाही, असं धरून चालले.

म्हणून आधी एक वही कर. सुई हातात घेतलीस की वेळ लिही, खाली ठेवलीस की लिही. एका माणसाच्या गोधडीला मला आठ दुपारी लागतात, रोजचे चार तास, म्हणजे ३२ तास. तासाला ५० रुपये धरले तरी १,६०० झाले. जुन्या सुती साड्या विकत घेशील त्याचे ५०० धर, दोरा, धुणं, पिशवी मिळून २००. म्हणजे २,३०० च्या खाली ती घराबाहेर जाता कामा नये. कुरिअर वेगळं. ओळखीतला माणूस कमी कर म्हणाला तर लहान मापाची शिवून दे, पण तासांचे पैसे सोडू नकोस.

आता कापडाचं. तिकडे जुन्या साड्या वजनावर मिळतात म्हणालीस, त्यात सिंथेटिक फार येतं. ते घाम टिपत नाही, आणि थर एकमेकांवरून सरकतात. मुठीत दाबून सोड. सुती असेल तर चुरगळून राहील. तुझे आजोबा प्रताप मिलमध्ये होते, तेव्हा घरात सुती कापडाची कधी वाण पडली नाही. आता शोधावं लागतं. लाल आणि गडद निळा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ. फडक्याला रंग लागला तर ते कापड गोधडीत नको. एकदा माझ्या लाल काठाने आख्खी पांढरी गोधडी गुलाबी केली, आणि ती नेमकी बाळंतिणीची होती. परत शिवून दिली. सगळं कापड आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळव. आपल्याकडचं ऊन या कामाला सोन्यासारखं आहे, म्हणून साड्या जमल्या की इकडेच पाठव.

तुझी आजी कडेपासून शिवत शिवत आत यायची. मधला शेवटचा चौकोन बुजवताना त्यात भाकरीचा कोरडा तुकडा ठेवायची. "उपाशी नको ठेवू तिले," म्हणायची. विकायच्या गोधडीत भाकरी ठेवू नकोस, किडे होतात. मी चार दाणे तांदळाचे ठेवते. गिऱ्हाइकाला ते सांग, लोकांना आवडतं. न सांगता मात्र ठेवू नकोस.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नकोस. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत आहे तोवर राज्यातल्या राज्यात जीएसटी नोंदणी लागत नाही. सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, पण पहिल्या वर्षी घेऊ नको असं मला वाटतं. सुई-दोऱ्याला कर्ज कशाला? दुसऱ्या बायका हाताशी घेशील तेव्हा बघू. त्यांनाही तासाचेच पैसे दे.

मोठ्या गोधड्या दिवाळी ते संक्रांत जातात. त्या आत्ता उन्हाळ्यात शिवून ठेवाव्या लागतील. मधल्या काळात बाळांची दुपटी शिव, त्यांना बारा महिने मागणी असते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत थंडी चांगली असते. तिथे आपण दोघी मिळून एक दिवस बसून बघू. भाव मी नाही सांगणार, तू सांगायचा.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येशील तेव्हा चार दिवस जास्तीचे काढ. आजीची सहा लुगडी मी वेगळी काढून ठेवलीत. हिरवं कापायचं नाही, बाकीची तुझी. ओट्यावर अंथरून पहिली गोधडी इथेच घालू. दाभण मी इथूनच घेऊन ठेवते. मागे तू तिकडून आणलेलं वाकत होतं. तू फक्त मापं लिहून आण, आणि वही.

तुझी,
आई