सेरेंडिपिटी म्हणजे नुसता योगायोग नव्हे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सेरेंडिपिटी (म्हणजे न शोधता, योगायोगानं अन् हुशारीनं काही चांगलं हाती लागणं) हा शब्द दोनदा वाचला, एकदा लॉटरी लागलेल्या माणसासाठी अन् एकदा चक्क गारपिटीच्या बातमीत. हे दुसरं लई लागलं मनाला. गारपीट ध्यानीमनी नसतानाच येते हे खरंय, २०१४ च्या मार्चमधे आमच्या मराठवाड्यात हाताशी आलेला गहू, हरभरा गारांनी झोपवला ते डोळ्यानं बघितलंय, पण त्याला सेरेंडिपिटी कसं काय म्हणायलात?

होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकानं २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात हा शब्द घडवला. तीन राजपुत्रांची जुनी पर्शियन गोष्ट होती, ते जे शोधत नव्हते तेच त्यांना वाटेत सापडत जायचं, योगायोगानं आणि हुशारीनं. दोन्ही पाहिजे बरं का, लोक हुशारीचा भाग सोडूनच देतात. १९२८ मधे फ्लेमिंग नावाचा शास्त्रज्ञ सुट्टीवरून परत आला तर जंतू वाढवायच्या एका बशीत बुरशी आलेली अन् तिच्या आजूबाजूचे जंतू मेलेले, दुसऱ्या कुणी बशी धुऊन टाकली असती, हा थांबून बघत बसला म्हणून पेनिसिलिन हे जंतू मारणारं औषध हाती लागलं.

ते राजपुत्र सेरेंडिपचे, म्हणजे श्रीलंकेचे, अन् सेरेंडिप आलं आपल्या सिंहलद्वीपवरून. मागं पोराला अजिंठा दाखवायला नेलं होतं, मनात सगळं पद्मपाणीचं चित्र, पण १७ नंबरच्या लेणीत बौद्ध कथेतल्या सिंहलाची लंकेवरची चढाई दिसली, नावेत हत्ती अन् सैनिक, तिथं डोक्यात एकदम लागलं की त्या इंग्रजी शब्दाचं मूळ नाव हेच! अर्धा तास हललो नाही तिथून. अन् अजिंठ्याची लेणी २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला वाघाच्या शिकारीला आला असताना दिसली, आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच म्हणा.

तर विनंती एवढीच की लॉटरीला घबाड म्हणा, नुसतं जुळून आलं तर योगायोग म्हणा, अन् गारपिटीच्या बातमीत शेतकऱ्याचं नुकसान किती झालं अन् पंचनामे कधी होणार ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक, जि. बीड