काका, तुम्ही 'नाही' म्हणालात त्याबद्दल

ती. स्व. काका,
सा. नमस्कार.

पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण गेल्या रविवारी मैदानावर माझ्या मारुती एस्टीमचं बॉनेट उघडलं तेव्हा निदान सहा जणांनी विचारलं, "इंजिन कुणी बांधलं?" मी "बडोद्याच्या मकरपुऱ्यातले एक काका" एवढंच सांगितलं. नाव लिहायचं नाही ही तुमची अट. "नाव छापलंस तर शेडसमोर पोरांची रांग लागेल, मग माझे कारखान्यांचे ब्लोअर कोण उघडणार?" अट पाळतो. पण आभार मानायचे नाहीत असं काही ठरलं नव्हतं.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा इंजिन बांधून घ्यायला आलोच नव्हतो. फक्त गजन पिना, म्हणजे पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिना, प्रेस करून हव्या होत्या. रिक्षातून ब्लॉक उतरवला, त्याच्यासोबत नवे पिस्टन, आणि दुसऱ्या एका वर्कशॉपची 'बोअरिंग ०.२५, ओके' (सिलिंडर पाव मिलिमीटरनं कोरून मोठे केलेत) अशी चिठ्ठी. तुम्ही चिठ्ठी वाचली, घडी करून माझ्याच खिशात ठेवली आणि सिलिंडरचा आतला व्यास मोजणारं बोअर गेज आणायला आत गेलात. पहिल्या सिलिंडरमध्ये वरून खाली गेज सरकवताना काटा हलला. आडवं धरून पाहिलंत, परत हलला. वर आणि खाली दोन थाऊंचा, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशांचा फरक. "हे बोअर नाही रे, नरसाळं आहे."

खरं सांगतो, तेव्हा तुमचा रागच आला होता. त्याआधीच एक इंजिन मी घालवलं होतं. जुन्याच इंजिनावर जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर चढवला, साधं पेट्रोल भरलं, तिसऱ्या गिअरमध्ये लोड आल्यावर पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज यायला लागला, आणि तो मी सायलेन्सरचा समजलो. हेड काढलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग जिथे बसते तिथली कड तुटलेली होती. एवढं झाल्यावर "हे सगळं परत कर" असं कुणी सांगितलं तर माणूस चिडणारच.

तुम्ही समजूत वगैरे काढली नाहीत. "०.२५ गेलं. आता ०.५० राहिलंय, कंपनीनं दिलेलं शेवटचं. ते चुकलं की ब्लॉक भंगारात. म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअरला हात लावणार नाही." आणि मी आणलेले ते साधे ओतीव पिस्टन घरी परत न्यायला लावलेत. ब्लोअर, म्हणजे तो सुपरचार्जर, लावायचा तर पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले), आणि माथ्यात खळगा असलेले.

ते पिस्टन यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांबद्दलच खरं तर हे पत्र आहे.

दर शनिवारी दुपारी मी दांडिया बाजारातून शेव-उसळ बांधून घेऊन यायचो आणि तुम्ही मला काहीतरी मोजायला द्यायचात. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग), आधी उभे मग आडवे. कनेक्टिंग रॉडचं वजन, तेही सराफाच्या काट्यावर, मोठं तोंड वेगळं आणि लहान तोंड वेगळं. प्रत्येक आकडा वहीत. कलाभवनच्या वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवण्यात तुमची हयात गेली, त्यामुळे वही तपासून लाल पेनानं टिक करायची सवय अजून आहे. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या त्या शाळेचा विद्यार्थी मी कधी नव्हतो. आता अर्धा तरी आहे असं धरून चालतो.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पट दाबतो त्याचा हिशोब तुम्ही शटरवर खडूनं मांडलात तो मी फोटो काढून ठेवलाय. ब्लोअर लावल्यावर ठोका (तोच पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज) येऊ नये म्हणून कॉम्प्रेशन उतरवायचं होतं. माझं म्हणणं होतं की त्यासाठी हेडखाली दोन गॅस्केट घालू, सगळेच करतात. तुमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. पिस्टन वर आल्यावर हेडच्या सपाट कडेखालची हवा जोरात मध्ये ढकलली जाते आणि त्यामुळे पेट्रोल नीट जळतं. दोन गॅस्केट घातले की तीच फट वाढते. म्हणजे ठोका बंद करायला गेलो आणि ठोक्यालाच आमंत्रण. जागा वाढवायची ती पिस्टनच्या खळग्यात, कडेला नाही. मग मला ब्युरेट धरायला लावून हेडच्या प्रत्येक चेंबरमध्ये किती सीसी मावतात ते मोजून घेतलंत. साडेनवाचं साडेआठ करायला फक्त पाच सीसीच्या आसपास जागा लागते. चहाचा एक चमचा! एवढ्याशा जागेसाठी मी एक इंजिन फोडलं होतं.

सुपरचार्जर पाहिल्यावर मात्र तुम्ही हसलात. "हा तर आपला ब्लोअर." नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांत सांडपाण्यात हवा सोडायला जे रूट्स ब्लोअर लावतात, तसे कितीतरी तुम्ही उघडलेत. रूट्स भावांनी १८६० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी कुठे होती! भट्ट्यांना वारा घालायला लोकांनी तो वापरला. माझा ऐसिन एएमआर ५०० तुमच्या हातात खेळण्यासारखा दिसत होता. दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरतात की नाही, ते तुम्ही मागे बॅटरी धरून मधल्या उजेडाच्या रेघेवरून पाहिलंत. मग परत शटर आणि खडू. एका फेऱ्यात हा ५०० सीसी हवा ढकलतो. पुली १.८ पट, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याला ९००. इंजिन १२९८ चं, पण फोर स्ट्रोक, म्हणजे एका फेऱ्याला ते निम्मी, ६४९ सीसी हवा घेणार. ९०० भागिले ६४९, जवळजवळ १.४. "वरचा ०.४ म्हणजे तुझा बूस्ट, त्यातून गळती वजा. याच्यापेक्षा लहान पुली आणलीस तर मी ती भंगारवाल्याला देईन." लहान पुली माझ्या बॅगेत होती, काका. आज कबूल करतो.

शेवटी पिस्टन आले. तुम्ही चारही मोजलेत, चारांवर मार्करनं नंबर घातलेत आणि प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापानं केलात. होनिंगच्या (सिलिंडर आतून शेवटचं घासण्याच्या) आधी ब्लॉकवर जाड माइल्ड स्टीलची टॉर्क प्लेट बसवून हेडचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळलेत, कारण हेड आवळल्यावर लायनर किंचित वाकडा होतो आणि आपल्याला गोल हवा तो आवळलेल्या अवस्थेत. ही प्लेट तुम्ही दोन रविवार घालवून स्वतः कापली होतीत. बिलात ती कुठेच नव्हती.

आणि मग रिंगा. वरच्या चार, दुसऱ्या चार. मला वाटलं हे तुम्ही कराल. तुम्ही एक बारीक कानस माझ्या हातात दिलीत आणि स्टूल सरकवलंत. रिंग बोअरमध्ये घालायची, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ करायची, दोन टोकांच्या मधल्या फटीत फिलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घालून बघायचं. साध्या इंजिनाला इंचामागे चार थाऊ चालतात. ब्लोअरवाल्याला रिंग जास्त तापते, म्हणून तुम्ही पाच धरलेत, म्हणजे आपल्या जवळजवळ तीन इंची बोअरला पंधरा. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला पसरायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची कड घेऊन जाते. माझं तिसरं पिस्टन मला तेव्हा आठवलं. ते ठोक्यानं गेलं होतं की असं, आता कळणार नाही. जुनी फट कुणी मोजलीच नव्हती. माझ्यासकट.

कानस बाहेरून आत, एकाच दिशेनं. उलटी ओढली तर रिंगच्या तोंडावरचा थर उडतो. दोन घासे मारायचे, पुसायचं, घालून बघायचं. पहिल्या रिंगला मला चाळीस मिनिटं लागली. तुमचा गुजराती हेल्पर येता-जाता "शांतीथी, भाई, शांतीथी" म्हणत होता. सातवी रिंग माझ्याकडून सोळा थाऊ झाली. मी मान वर केली. तुम्ही गेज स्वतः घालून पाहिलंत, वहीत '१६' लिहिलंत आणि म्हणालात, "जास्त चालेल, कमी नाही." बस. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

पुढचं सगळं लवकर झालं. पहिले हजार किलोमीटर ब्लोअर काढून, जुना मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा पाइप) लावून चालवायचे, हीही तुमचीच अट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण तुम्हीच काढलंत: आरसीशी न जुळणारा बदल रस्त्यावर चालत नाही, ब्लोअर लावल्यावर गाडी ट्रेलरवरूनच मैदानात न्यायची. ट्रेलरचं भाडं मला परवडत नाही म्हटल्यावर "मग ब्लोअरही परवडत नाही" असं उत्तर मिळालं.

ज्या दिवशी ब्लोअरचा बेल्ट चढवला, तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ब्लॉक ऐकलात. मी आरपीएम वाढवत होतो. गेज ५ पीएसआयला टेकलं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर पुसून खिशात ठेवलात आणि जेवायला गेलात.

बोअरिंगचे पैसे तेवढे घेतलेत, शनिवारांचे नाहीत. त्याबद्दल आता वाद घालत नाही. टॉर्क प्लेट माझ्याकडेच राहिली आहे, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलीय. शनिवारी आणतो. काकूंचा स्टीलचा डबाही.

आपला,
एस्टीमवाला