मेक्सिकोतील स्थलांतरित पक्षी ‘पाहुणे’ कसे?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील मेक्सिकोच्या पक्ष्यांवरचा लेख अतिशय आवडीने वाचला. आपल्याकडे या देशाविषयी लिहिले जाते ते बहुधा तिथल्या पिरॅमिडांबद्दल. त्यामुळे सुमारे १,१०० पक्षिजातींची नोंद असलेल्या आणि त्यांपैकी शंभरेक जाती केवळ स्वतःच्याच भूमीत सांभाळणाऱ्या या देशाकडे पक्षिनिरीक्षकाच्या नजरेने पाहिले गेले, याचे समाधान वाटले. लेखात स्थलांतरित पक्ष्यांना मात्र सतत ‘अमेरिकेतून येणारे हिवाळी पाहुणे’ म्हटले आहे. त्या शब्दाला माझी मनापासून हरकत आहे.

सोनेरी गालाच्या वार्ब्लरचेच पाहा. हा चिमुकला पक्षी फक्त टेक्सासमध्ये घरटे बांधतो. मार्चमध्ये तो तिथे पोहोचतो, पिल्ले उडती झाली की जुलै-ऑगस्टपर्यंत निघतो आणि वर्षाचा उरलेला, म्हणजे निम्म्याहून मोठा काळ प्रवासात आणि मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास राज्यापासून निकाराग्वापर्यंतच्या डोंगरांतील पाइन-ओकच्या जंगलांत काढतो. ज्या जंगलात त्याचे निम्मे आयुष्य जाते, तिथे त्याला पाहुणा म्हणायचे आणि जिथे तो जेमतेम पाच महिने राहतो त्या प्रदेशाला त्याचे घर, हा हिशेब मला पटत नाही.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या आरंभी वेराक्रुझ राज्यातील कार्देल या गावी जाण्याचा योग आला. मेक्सिकोचे आखात आणि पूर्वेकडील सिएरा माद्रे पर्वतरांग यांच्यामधली किनारपट्टी या भागात अगदी चिंचोळी होते. समुद्रावर उष्ण हवेचे जोमदार प्रवाह उठत नाहीत, म्हणून त्यांच्या आधाराने तरंगत जाणारे शिकारी पक्षी पाणी टाळून याच पट्टीत दाटतात. सकाळी साडेनऊपर्यंत आकाश रिकामे होते. मग ऊन तापले आणि दुर्बिणीत एक काळसर भोवरा दिसू लागला. शेकडो रुंदपंखी बाज एकमेकांवर घिरट्या घालत वर चढत होते, आणि माथ्यावर पोहोचलेला प्रत्येक पक्षी पंख न हलवता दक्षिणेकडे घसरत पुढच्या भोवऱ्यात मिसळत होता. गच्चीवर उभे राहून पक्षी मोजणारे मेक्सिकन गणक हातातल्या मोजणीयंत्राचा खटका दाबत होते, शब्दही न बोलता. एका शरद ऋतूत येथून चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात, हे आकडे अशाच चिकाटीने, वर्षानुवर्षे उभे राहून गोळा झाले आहेत.

पण लेखात जे अजिबात आले नाही, ते मला तिथून जवळच कोआतेपेकच्या परिसरात पाहायला मिळाले. तिथे कॉफीची झुडपे उंच झाडांच्या सावलीत वाढवण्याची जुनी पद्धत आहे. या सावलीत काळ्या टोपीचा विल्सन वार्ब्लर पानापानांतून किडे टिपत होता आणि त्याच झाडाच्या खालच्या फांदीवर बारमाही तिथेच राहणारा मोटमोट पक्षी आपली लांब शेपटी घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवी हलवत बसला होता. दोघांचे अन्न आणि आसरा एकाच मळ्यात. झाडे तोडून उघड्यावर कॉफी लावली की दोघांचेही छत्र हरपते. अशा वेळी स्थानिक आणि स्थलांतरित हा भेद आपल्या नोंदवहीपुरताच उरतो.

या सामायिक जबाबदारीची जाणीव सरकारांनाही जुनीच आहे. स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी मेक्सिको आणि अमेरिका यांनी १९३६ सालीच करार केला. परंतु मळ्यावरची सावली टिकवायची की नाही, हे शेवटी कॉफी पिकवणारा शेतकरी त्याला मिळणाऱ्या भावावरून ठरवतो, आणि त्या शेतकऱ्याविषयी आपल्या लेखात एक ओळही नाही. या लेखाचा पुढचा भाग प्रसिद्ध होणार असेल, तर त्यात सावलीतल्या कॉफीच्या मळ्यांना पुरेशी जागा द्यावी आणि ‘पाहुणे’ऐवजी ‘हिवाळी रहिवासी’ हा शब्द वापरावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक