एसीचा पंप नवा, पण सुरक्षेच्या तारा टेपमध्ये गुंडाळलेल्या: तक्रार आणि भरपाईची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एसीचा ड्रेन पंप बदलताना सुरक्षेच्या तारा न जोडल्यामुळे झालेले नुकसान

महोदय/महोदया,

ठाण्यातील आमच्या फ्लॅटच्या मधल्या बेडरूमला बाहेरची भिंत नाही. तिथल्या दीड टनाच्या स्प्लिट एसीचे पाणी उताराने बाहेर काढायचे तर वाटेत बीम येतो. म्हणून ते पाणी लहान पंपाने फॉल्स सीलिंगवरून उचलून बाथरूमच्या नहाणीत सोडले आहे. जुना पंप जळाल्यावर मे महिन्यात आपल्या कंपनीकडून तो बदलून घेतला. बिलावर ‘पंप व संपूर्ण बसवणी’ असे लिहिले आहे आणि त्याचे साडेसात हजार रुपये मी टेक्निशियन घरात असतानाच यूपीआयने भरले.

हा पंपही बंद पडला. यंत्र आहे, बिघडू शकते, तेवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. पंप बंद पडल्यावर एसी आपोआप थांबायला हवा होता आणि तो थांबला नाही, ही माझी तक्रार आहे.

इनडोअर युनिटखाली फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या तुकड्याची, एक चिमुकली टाकी असते. तिच्यात जेमतेम वाटीभर पाणी मावते. पाणी चढले की फ्लोट वर जातो आणि पंप सुरू होतो, उतरले की बंद होतो. पंपाने पाणी उचललेच नाही तर फ्लोट आणखी वर जातो आणि चालू-बंदच्या दोन पातळ्यांवरचा तिसरा, सुरक्षेचा विजेचा संपर्क तुटतो. त्या संपर्काच्या दोन तारा एसीच्या सर्किटमध्ये घेतल्या की कॉम्प्रेसर थांबतो आणि कॉइलवर नवे पाणी धरत नाही. ठाण्याच्या मे-जूनच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. वाटीभर टाकीच्या भरवशावर तो रात्रभर चालू ठेवायचा तर या दोन ताराच काय ते संरक्षण.

आमच्याकडे त्या दोन्ही तारा दुमडून, काळी टेप गुंडाळून ट्रंकिंगमध्ये (तारा झाकणाऱ्या पट्टीत) कोंबलेल्या सापडल्या. टेपची घडीसुद्धा व्यवस्थित आहे, म्हणजे घाईत राहून गेल्या असेही म्हणता येत नाही. फोटो सोबत आहेत.

परिणाम असा झाला की पहाटे ट्रे भरून वाहिला. पाणी भिंतीवरून ओघळत खालच्या स्विचबोर्डात शिरले आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडला. घरात अंधार झाला तेव्हा आम्हाला जाग आली. आपल्या तारांनी जे काम करायचे ते शेवटी आरसीसीबीने केले, तेही पाणी विजेपर्यंत पोचल्यावर. त्या खोलीत माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई झोपतात. तारा जोडलेल्या असत्या तर त्यांना एक रात्र उकाड्यात काढावी लागली असती, बस. आता वॉर्डरोबच्या खालच्या प्लायला फुगे आले आहेत, रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि स्विचबोर्ड इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा लागला.

पंप इतक्या लवकर का गेला, याचाही अंदाज सांगते. पाणी सोडणारी नळी आपल्या टेक्निशियनने थेट नहाणीच्या जाळीत खुपसली आहे. नळीचे तोंड टाकीपेक्षा इतके खाली गेले की सायफन लागतो. पंप थांबला तरी नळी टाकीतले पाणी ओढत राहते, मग हवा ओढते आणि पुढच्या वेळी पंप कोरडा फिरतो. पहिल्या आठवड्यापासून गुरगुर आणि मागोमाग खडखड ऐकू येत होती. फोनवर ‘नवा आहे, सेट होईल’ असे उत्तर मिळाले. सायफन तोडणारी छोटी जोडणी पंपाच्या खोक्यात आजही न उघडलेल्या पिशवीत आहे.

आपल्या सुपरवायझरचे म्हणणे असे की त्या तारा ‘ऑप्शनल’ असतात आणि त्यासाठी वेगळा रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लागतो. लागत असेल. मग तसे आधी सांगून रिलेचे पैसे मागायचे होते, मी दिले असते. नंतर व्हॉट्सअॅपवर कळवले की ट्रेमध्ये शेवाळ होते. ट्रे आणि फिल्टर त्याच भेटीत आपणच साफ केले, त्याचे पाचशे रुपये बिलात वेगळे लावले आहेत!

माझा भाचा शिकागोजवळ राहतो. तिथे गॅसवर घर गरम करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्नेसमधूनही पाणी निघते आणि ते बेसमेंटमधून उपसायला असाच पंप लागतो. त्याने तो स्वतः बदलला आणि याच दोन तारा थर्मोस्टॅटच्या 24 व्होल्टच्या वायरमध्ये घेतल्या, म्हणजे पाणी तुंबले की फर्नेस बंद. हौशी माणूस घरी करू शकतो ते काम पैसे घेणाऱ्या कंपनीला ऑप्शनल का वाटावे?

वॉरंटीत नवा पंप देऊ, बाकी नुकसानीशी संबंध नाही, ही आपली भूमिका मला मान्य नाही. नुकसान पंपामुळे नव्हे, अर्धवट बसवणीमुळे झाले आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) नुसार ही सेवेतील त्रुटी ठरते.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पंप बदलून, तारा रिलेसह जोडून आणि सायफनची जोडणी लावून द्यावी. टाकीत हाताने पाणी ओतून एसी बंद पडतो हे माझ्यासमोर दाखवावे, त्याशिवाय मी जॉबशीटवर सही करणार नाही. बसवणीची मजुरी परत करावी आणि वॉर्डरोब, रंग व स्विचबोर्ड यांचा सोबतच्या कोटेशन व बिलांप्रमाणे खर्च द्यावा. तारा का जोडल्या नव्हत्या याचा लेखी खुलासाही हवा.

तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. एवढ्या रकमेच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. उत्तर ईमेलवर लेखी द्यावे, फोनवरची बोलणी आता पुरे.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)
ठाणे (पश्चिम)

सोबत: बिलाची प्रत, तारा व नळीचे फोटो, सुताराचे व रंगाऱ्याचे कोटेशन, इलेक्ट्रिशियनचे बिल