एका वेळी एकच गोष्ट बदला: लॅमिंग्टन रोडवरच्या ताईंना आभाराचं पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मे संपला, पाऊस सुरू झाला, आणि तुम्ही बसवून दिलेल्या सेटिंगवर माझा पीसी एकदाही पडलेला नाही. फोनवर 'थँक्यू ताई' म्हणून झालं होतं, पण माझं समाधान त्याने झालं नाही. तुम्ही बिघाड शोधून दिलात आणि तो कसा शोधायचा हेही शिकवलंत, तेसुद्धा तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना. हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण ज्यांचा ओव्हरक्लॉक (कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवलेला वेग) असाच अधूनमधून दगा देतो त्यांनाही तुमची पद्धत कळायला हवी.

वाचणाऱ्यांसाठी थोडी हकीकत सांगतो. प्रोसेसर इंटेलचा आय7 8700के, 2017 मध्ये बाजारात आलेला, सहा कोअर (हिशेब करणारे भाग) आणि बारा थ्रेडचा (एका वेळी चालणारी बारा कामं). नावातला 'के' असला की मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, खुला असतो, आपल्याला बदलता येतो. 100 मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला 50 ने गुणलं की 5 गिगाहर्ट्झ. कंपनीच्या हिशेबाने सगळे कोअर कामाला लागल्यावर हा 4.3 वर चालतो आणि एकटा कोअर 4.7 पर्यंत जातो. माझा जानेवारीत 5 वर मजेत चालत होता. एप्रिल तापायला लागला आणि गेम मध्येच बंद पडून डेस्कटॉप समोर यायला लागला. कधी ब्लू स्क्रीन यायची. तिच्यावर एकदा 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' (हार्डवेअरची दुरुस्त न होणारी चूक), तर पुढच्या वेळी 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' (एखाद्या कोअरने वेळेत प्रतिसाद न देणं). सिनेबेंच हा वेग मोजणारा प्रोग्रॅम मात्र दर वेळी सुरळीत पूर्ण व्हायचा, त्यामुळे दोष नक्की कुणाला द्यायचा तेच कळेना. एका दुकानात मशीन उघडूनही न बघता प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही गेलेत असं सांगितलं. त्या बोर्डाची पिढी आता नवी मिळत नाही, म्हणजे जवळजवळ अख्खा पीसीच नवा घ्यायचा.

ग्रँट रोड स्टेशनवरून कॅबिनेट उचलून तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "डिफॉल्टवर पडतो का?" आणि माझं उत्तर यायच्या आत बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन सगळं मूळपदावर आणलंत. रॅमचा एक्सएमपी प्रोफाइलसुद्धा बंद केलात. एक्सएमपी हासुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, हे तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका मुलाला तुम्ही समजावलंत ते मला फार आवडलं. 3200 ची रॅम म्हणून विकत घेतलेली असली, तरी प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती कमी वेगाने चालते. प्रोफाइल लावला की वेग वाढतो, व्होल्टेज 1.35 होतं, आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा ताणही वाढतो. अशा वेळी रॅम आणि प्रोसेसर दोघंही वाढीव वेगावर असतील, तर दोष कोणाचा हे कसं कळणार?

डिफॉल्टवर मशीन तासन्‌तास चाललं. तुम्ही एवढंच म्हणालात, "प्रोसेसर जिवंत आहे. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदललं की लिहायचं." ड्रॉवरमधून एक शाळेची रेघी वही काढून पहिल्याच पानावर रकाने आखून दिलेत: मल्टिप्लायर, बायोसमधलं व्होल्टेज, लोडवरचं व्होल्टेज, तापमान, निकाल. ती वही माझ्याकडे आहे, ताई. त्यातलं तुमचं अक्षर मी मुद्दाम तसंच ठेवलंय.

आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. पिवळ्या वायरीवर मल्टिमीटरची लाल पिन, काळ्यावर काळी, आणि मशीन पूर्ण लोडवर. आकडा 11.9 च्या आसपास स्थिर राहिला. 12 व्होल्टला पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे 11.4 ते 12.6, एवढी सूट असते, हे सांगून तुम्ही त्याला निर्दोष सोडलंत. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर मात्र दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितलात. मग प्रोसेसर डिफॉल्टवरच ठेवून एक्सएमपी चालू केलात आणि रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट 86 लावायला मला घरी पाठवलंत. सकाळी एकही एरर नव्हती. रॅमही सुटली.

राहिला प्रोसेसर. दुसऱ्या फेरीत तुम्ही प्राइम 95 लावलंत, आणि इथे मला खरी गोष्ट कळली. जॉर्ज वोल्टमन यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी हा प्रोग्रॅम आहे. प्रचंड मोठ्या संख्यांचं गणित करायचं, तर वाटेत एक बिटसुद्धा चुकून चालत नाही, म्हणून तो स्वतःचं उत्तर सतत तपासत असतो. त्यातली 'स्मॉल एफएफटी' ही चाचणी निवडल्यावर हिशेब कॅशमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) मावतो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. 5 गिगाहर्ट्झवर थोड्याच वेळात बारापैकी एक वर्कर (एका थ्रेडवर चालणारा हिशेब) थांबला. स्क्रीनवर ओळ होती, 'राउंडिंग 0.5 आलं, 0.4 पेक्षा कमी अपेक्षित होतं.' ब्लू स्क्रीन आली नाही, हँग नाही, पंख्याचा आवाजही बदलला नाही. बाकीचे अकरा चालूच होते. त्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, "बघ, पडला नाही, पण चुकला. पडणं ही पुढची पायरी." म्हणजे गेम पूर्ण झाला, सिनेबेंच पूर्ण झाला, म्हणून मशीन स्टेबल असं धरता येत नाही. हिशेब बरोबर येतोय का, हे पाहायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या नोंदवहीत डब्ल्यूएचईएच्या दुरुस्त झालेल्या चुका कितीतरी आधीपासून साठलेल्या होत्या. त्याही तुम्ही उघडून दाखवल्यात.

चुका का होत होत्या, ते व्होल्टेज आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो प्रोग्रॅमने सांगितलं. बायोसमध्ये 1.35 व्होल्ट लिहिलेले, आणि लोड आला की प्रत्यक्षात 1.24. तुम्ही चाळीचं उदाहरण दिलंत: सकाळी सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर उतरतो. हा उतार मुद्दाम ठेवलेला असतो, हेही तुम्हीच सांगितलंत. लोड अचानक सुटला की व्होल्टेज उसळी मारतं. आधीच खाली असलं, तर उसळी सुरक्षित मर्यादेत राहते. म्हणून लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे हा उतार कमी करणारी सेटिंग, एकदम वरच्या टोकाला लावायला तुम्ही ठाम नकार दिलात आणि मधल्या पातळीवर थांबलात. तो नकार मला अजून पटतो. झटपट सुटका हवी असेल, तर वरची पातळी लावून मशीन परत देणं सगळ्यात सोपं होतं.

मधली पातळी आणि बायोसमध्ये व्होल्टेजची थोडी वाढ, असं करून लोडवर 1.34 मिळाले आणि 5 गिगाहर्ट्झवर चुका थांबल्या. पण तापमान 100 अंशांना भिडलं, आणि तिथे हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. शिवाय 8700के च्या झाकणाखाली सोल्डर नसून पेस्ट आहे, त्यामुळे वर कितीही चांगला कूलर लावला तरी आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. टेस्टच्या वेळी मी एसी लावायला सांगितला, तर तुम्ही घरचीच खोली विचारलीत. परळला आमच्या खोलीत एसी नाही. मग दुकानातलाही बंद केलात. "जिथे वापरणार, तिथल्या हवेत तपासायचं." खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसर साधारण तेवढाच वर चढतो, आणि तापलेल्या चिपला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. जानेवारीतली मुंबईची रात्र आणि मेमधली दुपार यांच्यात माझा ओव्हरक्लॉक अडकला होता, तो असा.

मग कॅशमेमोच्या मागे तुम्ही जो हिशेब मांडलात, त्याने माझा 5 चा हट्ट आनंदाने सुटला. वीज आणि उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. 5 वर 1.34 व्होल्ट, 4.8 वर 1.24. वेग फक्त 4 टक्के कमी, आणि उष्णता सुमारे 18 टक्के कमी. तापमान ऐंशीच्या घरात आलं आणि बाराही वर्कर शेवटपर्यंत टिकले. एव्हीएक्सचं (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचं) जड काम आलं की वेग आपोआप 4.6 वर उतरेल, असा ऑफसेटही लावून दिलात. गेम खेळताना त्या 4 टक्क्यांचा फरक मला आजतागायत दिसलेला नाही.

तुम्ही तपासणीचे ठरलेले पैसे घेतलेत. नवा कूलर, नवा बोर्ड, काहीच गळ्यात मारलं नाहीत. मी निघताना कूलरवरची पेस्ट बदलून दिलीत आणि डस्ट फिल्टर पावसाळ्यातही धूत जा, दमट हवेत धूळ चिकटून बसते, एवढं बजावलंत. तेही पाळतोय.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाला पीसी असाच पडत होता. त्याच वहीच्या पुढच्या पानावर तुमच्यासारखे रकाने आखले आणि डिफॉल्टपासून सुरुवात केली. त्याची एक रॅमची कांडी खराब निघाली. ती वॉरंटीत होती, बदलून मिळाली. त्याच्या आईने तुम्हाला खास निरोप सांगितलाय: मुलाचा अभ्यास त्याच मशीनवर असतो, तुमचे फार उपकार झाले. त्याला पीसीचं काम शिकायचंय, तुमच्याकडे सुट्टीत बसू दिलंत तर पाठवू का, असंही त्यांनी विचारलंय. जमत असेल तर नक्की कळवा.

आपला कृतज्ञ,
परळचा 8700केवाला