इतिवृत्तातलं नाव

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणणारच. कारण असं की फोनवर मी विचारते, "आई, गुडघा कसा आहे?" आणि उत्तर बाबा देतात, "तिचा गुडघा बरा आहे." मागून आई काहीतरी बोलते, पण ते माझ्यापर्यंत पोचेस्तोवर बाबा माझ्या तब्येतीवर आलेले असतात. बाबा, रागावू नका. पण जे सांगायचंय ते दोघांना सारखंच सांगायचंय, आणि त्यातलं थोडं तुमच्या सोसायटीच्या जुन्या वहीबद्दलही आहे.

८ मार्चचा कार्यक्रम यंदा माझ्या गळ्यात पडला. विद्यापीठात दरवर्षी महिला दिन होतो. मागच्या वर्षी मी प्रेक्षकांत बसून नीट पाहिलं. प्रमुख पाहुणे पुरुष. अध्यक्ष पुरुष. "स्त्रीशक्ती" या विषयावर पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, त्यातली पंचवीस मिनिटं स्वतःच्या आईवर. बायका कुठे होत्या? माईकपाशीच होत्या. सूत्रसंचालन एका मुलीचं, पाहुण्यांची ओळख दुसरीने करून दिली, आभार मी मानले. दिवसभर माईक बायकांच्याच हातात होता आणि एकीनेही स्वतःचं म्हणून एक वाक्य उच्चारलं नाही. शेवटी सगळ्यांना एकेक गुलाब. ज्या दिवसाची सुरुवात कामगार बायकांच्या मोर्चांतून झाली, त्याची ही गत.

म्हणून यंदा मी पाहुणेच बोलावले नाहीत. बैठकीत सांगितलं तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "मग कार्यक्रम कसला?" मी म्हटलं, "बायका बोलतील." ते म्हणाले, "त्या तर रोजच बोलतात." सगळे हसले. मीही हसले, ही माझी जुनी खोड. घरी येऊन मग स्वतःवरच चिडले.

आखणी साधी ठेवली. पहिल्या तासात मुलींनी जगभरातल्या विद्यापीठांच्या इतिहासातली एकेक बाई निवडून तीन मिनिटांत सांगायची. दुसऱ्या तासात आवारातली कुणीही बाई उठून बोलेल. शिकणारी, शिकवणारी, फायली लावणारी, झाडणारी. आणि प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न मुलीचा. या शेवटच्या नियमावरून बरीच कुरकुर झाली, पण त्यामागे कारण आहे. २०१८ साली एक अभ्यास छापून आला. १० देशांतल्या ३५ संस्थांत झालेली २४७ व्याख्यानं संशोधकांनी बसून पाहिली आणि प्रश्न कोण विचारतं ते मोजलं. बायकांच्या तुलनेत पुरुष प्रश्न विचारण्याची शक्यता अडीचपट निघाली. पहिलाच प्रश्न पुरुषाने विचारला, की बायकांचे प्रश्न आणखी कमी होतात. हे वाचल्यावर मी आमच्या एका व्याख्यानाला डायरीत दोन रकाने करून रेघा ओढत बसले. खोलीत मुली निम्म्याहून जास्त. मुलींच्या रकान्यात तीन रेघा, त्यातली एक माझी.

पहिला तास फार रंगला. बाबा, तुम्ही मला लहानपणी रँग्लर परांजप्यांची गोष्ट सांगायचात ना, १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर, म्हणजे पहिले, आले ती? त्याच परीक्षेत त्यांच्या नऊ वर्षं आधी, १८९० साली, फिलिपा फॉसेट नावाची मुलगी बसली होती. मला ही गोष्ट आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडून कळली, एवढी वर्षं विद्यापीठात काढून! तिथे आधी मुलांची नावं क्रमाने वाचत आणि मुलींची यादी नंतर वेगळी. मुलींना क्रमांक नसायचा. मुलांच्या यादीत त्या कुठे बसल्या असत्या तेवढंच सांगायचे. फॉसेटचं नाव आलं तेव्हा वाचणाऱ्याने म्हटलं, "सीनिअर रँग्लरच्या वर." म्हणजे पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर! पण सीनिअर रँग्लर हा किताब त्या मुलालाच मिळाला. आणि फॉसेटला पदवीही मिळाली नाही, कारण केंब्रिज बायकांना पदवी देत नसे. सात वर्षांनी तसा ठराव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचं बुजगावणं रस्त्यावर टांगलं, आणि ठराव पडला. बरोबरीच्या पदव्या १९४८ साली मिळाल्या. हे सांगून ती मुलगी घड्याळाकडे बघून म्हणाली, "माझी दहा सेकंद उरलीत, ती मी फॉसेटबाईंना देते," आणि गप्प उभी राहिली. सभागृहात एवढी शांतता मी परीक्षेतसुद्धा अनुभवलेली नाही.

दुसरीने एमी नोदरबद्दल सांगितलं. गणितातलं फार मोठं नाव. १९१५ साली तिला जर्मनीत गॉटिंगेनला बोलावलं, पण बाईला शिकवण्याचा अधिकार द्यायचा कसा, म्हणून विद्यापीठ अडलं. तेव्हा तिची व्याख्यानं सूचनाफलकावर तिथले मोठे गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या नावाने लागत आणि वर्गात शिकवायला ती येई. हे १९१९पर्यंत चाललं. हिल्बर्ट तिच्या बाजूने भांडणारा माणूस होता, वाईट नव्हता. म्हणूनच मला ते फलक जास्त लागले.

कमला सोहोनींची गोष्ट आईला माहीत आहे. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला तेव्हा त्या कमला भागवत होत्या. बाई म्हणून नकार आला, तर त्या थेट संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, आणि इतर संशोधकांचं लक्ष विचलित करायचं नाही या अटीवर. हे ऐकताना मागच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "त्यांचं लक्ष त्यांनी सांभाळावं की!" ती त्या दिवसाची पहिली टाळी. सोहोनींनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

आणि जोसलिन बेल. १९६७ साली विद्यार्थिनी असताना तिला दुर्बिणीच्या कागदाच्या पट्ट्यांवर एक बारीकशी खूण दिसली. ती पल्सरची होती, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओलहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याची. १९७४ साली त्या शोधाचं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळालं. शोध लागला तेव्हा पत्रकार मार्गदर्शकांना विज्ञानाचे प्रश्न विचारत आणि तिला, बॉयफ्रेंड किती आहेत ते! २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं आणि तिने ते सगळं, ज्यांना भौतिकशास्त्रात सहज जागा मिळत नाही अशा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकलं.

आता दुसरा तास. खरं तर पत्र त्यासाठीच लिहितेय.

सुरुवातीला कुणी उठेना. मग ग्रंथालयातल्या एक बाई बोलल्या, पदोन्नतीबद्दल, थोडं कागद वाचल्यासारखं. एका मुलीने सांगितलं की जिन्याजवळ तक्रार समितीचा मोठा फलक आहे, पण त्यावरचा नंबर निवृत्त झालेल्या बाईंचा आहे. तिने लावून पाहिला होता. त्या बाईंनी प्रेमाने चौकशी केली म्हणे, पण त्यांच्या हातात आता काही नाही. मी मान खाली घातली. त्या फलकासमोरून मी दिवसातून चार वेळा जाते.

मग मागच्या दाराशी उभी असलेली सफाई कामगार बाई पुढे आली. माईक घेतला नाही, बाजूला धरून ठेवला. म्हणाली, "मला ते सक्षमीकरण वगैरे कळत नाही. जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर बायकांच्या संडासाला कडी लावून द्या." कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. मुली दोघी-दोघींनी येतात, एक आत जाते आणि दुसरी दाराला पाठ लावून उभी राहते, हे तिने करून दाखवलं. हातातली बादली खाली ठेवली, भिंतीला पाठ टेकली, टाच रोवली. "एकटी आलेली आतून पायाने दार दाबून बसते. तशी बसून बघा एकदा. परीक्षेच्या दिवशी किती पोरी पाणीच पीत नाहीत, ते मला माहितीय, कारण रडायला त्या माझ्याजवळ येतात." दोन वर्षं ती पर्यवेक्षकाला सांगत होती. पर्यवेक्षक म्हणायचा, लेखी आणा. तिला लिहिता येत नाही.

माझ्या मजल्यावरच्या खोलीला किल्ली आहे, आई. माझ्या पर्समध्ये असते ती. त्यामुळे मला खालची कडी कधी दिसली नाही.

आता वहीकडे येते. कार्यक्रमाचं इतिवृत्त मीच लिहिलं आणि सही करण्याआधी एका संशोधक विद्यार्थिनीला वाचायला दिलं. तिने एका ओळीखाली बोट ठेवलं. ओळ अशी होती: "एका महिला कर्मचाऱ्याने स्वच्छतागृहाबाबत सूचना मांडली." ती म्हणाली, "मॅडम, नाव?" ग्रंथालयातल्या बाईंचं नाव मी लिहिलं होतं. पदासकट. त्या फलकवाल्या मुलीचंही. हिचंच राहिलं होतं. का, तर मला ते माहीतच नव्हतं. सहा वर्षं ती माझी खोली झाडते.

आणि मला एकदम आपलं जुनं घर दिसलं. मी असेन आठवी-नववीत. बाबा सोसायटीचे सचिव होते, सभेचं इतिवृत्त रात्री घरी बसून लिहायचे, आणि आई पेन्सिल घेऊन त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची. एका सभेत आईने सुचवलं होतं की सभा रविवारी सकाळी ठेवा, संध्याकाळच्या वेळी बायकांना घरातून निघता येत नाही. सगळ्यांना पटलं. सभा रविवारी व्हायला लागल्या, बायका यायला लागल्या. वहीत बाबांनी लिहिलं, "सभेची वेळ बदलावी असे सभासदांनी सूचविले." आई, तू ती ओळ वाचलीस. मी समोरच बसले होते, मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू "सूचविले"मधला ऊकार ऱ्हस्व केलास आणि वही परत दिलीस.

बाबा, हे उकरून काढण्याचा हेतू वेगळा आहे. तुम्ही मुद्दाम गाळलं नव्हतं, हे मला आता शपथेवर सांगता येईल, कारण मीही मुद्दाम गाळलं नव्हतं. माझ्या प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच्या माणसाशी तुम्ही कसे भांडलात, तेही मला आठवतं. त्याने माझा प्रश्न तुम्हाला विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्ज तिचा आहे, तिला विचारा." मग आईच्या गुडघ्याच्या बाबतीत असं का होतं?

असो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन तिला नाव विचारलं. तिने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हणाली, "कागदावर कशाला? नंतर मला त्रास नाही ना होणार?" याचा विचार मी केलाच नव्हता. कंत्राटावरची नोकरी, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. मी सांगितलं, तुम्ही नको म्हणालात तर नाही लिहिणार. ती अर्धा जिना झाडेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिवा." मी लिहिलं, तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. (तिचं नाव या पत्रात मात्र घालत नाही. तिने होकार दिलाय तो इतिवृत्तासाठी.)

कडी अकराव्या दिवशी आली. सुताराने ती बाहेरून बसवली. तिनेच त्याला परत बोलावून, समोर उभं राहून आतून लावून घेतली. तक्रार समितीचा नंबर अजून बदललेला नाही, त्यासाठी दर सोमवारी एक पत्र टाकतेय.

पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरलं नाही. त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इतिवृत्त मागून नेलंय आणि अजून परत केलेलं नाही. वाचत असतील, किंवा ड्रॉवरमध्ये असेल.

माझी तब्येत बरी आहे. झोप थोडी कमी होते, परीक्षांचे दिवस. आई, या पत्राचं उत्तर तू लिही. गुडघा खरंच कसा आहे, जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिही. बाबा, पाकिटावर पत्ता तुम्ही घाला, अक्षर तुमचं चांगलं आहे. आणि ती जुनी वही माळ्यावर असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा. पेन्सिलीची खूण दिसेल असा काढा.

तुमची,
धाकटी