घारापुरीच्या लाँच आणि आमचे जीव : बंदरे विभागाच्या मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स. न.

घारापुरीची लेणी पाहायला निघालेली माझी आई गेल्या रविवारी गेटवे ऑफ इंडियाजवळ लाँचमध्ये चढतानाच पडली आणि तिच्या घोट्याचे हाड मोडले. ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर शेवाळ होते, पायऱ्यांना लागलेल्या लाँचवरून पलीकडच्या लाँचमध्ये उतारूंना पाठवले जात होते, आणि लाटेसरशी दोन्ही लाँच दूर सरताच तिचा पाय मधल्या फटीत गेला. तिला उचलले ते सहप्रवाशांनी. टॅक्सीपर्यंत न्यायला साधी खुर्चीही मिळाली नाही. आता ती अंथरुणाला खिळली आहे. वेदनेने तिला रात्रभर झोप येत नाही आणि तिचे कण्हणे ऐकत मीही जागा असतो. त्रिमूर्ती पाहण्याची तिची इच्छा फार जुनी होती. आता ती समुद्राचे नावही काढू देत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जणांचा जीव गेला. ‘नीलकमल’वर क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर जॅकेट सक्तीचे झाले. रविवारी मात्र आमच्या लाँचवरची जॅकेटे छताखाली दोरीने बांधलेली होती आणि ती मागितल्यावर खलाशाने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. १५ माणसे गेल्यानंतर दिलेला शब्दही पाळला जात नसेल, तर आम्ही विश्वास कोणत्या आदेशावर ठेवायचा?

हा प्रश्न एका धक्क्यापुरता नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल मार्च २०१९ मध्ये कोसळला आणि ७ जण गेले. तो पूल तर तपासणीत वापरायोग्य ठरवलेला होता. जागतिक वारसास्थळांच्या याद्यांत नाव आल्याचा अभिमान सगळ्या सरकारांना असतो, पण तिथवर पोहोचणाऱ्या माणसाच्या हाडामांसाची जबाबदारी कोणीच घेत नाही. दुर्घटना, चौकशी, मदतीची रक्कम आणि पुन्हा तोच निष्काळजीपणा, हे आम्ही आणखी किती वर्षे सोसायचे?

रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी होईल तेव्हा होईल. तोपर्यंत पायऱ्यांवरचे शेवाळ रोज घासून काढावे, लाँचवरून लाँचमध्ये चढवणे बंद करावे, प्रत्येक उतारूच्या अंगावर जॅकेट चढल्याखेरीज नांगर उचलू देऊ नये आणि धक्क्यावर प्रथमोपचारासह स्ट्रेचर ठेवावे. यांतील एकाही कामासाठी नव्या कायद्याची गरज नाही. ही कामे कोणत्या तारखेपर्यंत होतील, हे आपण जाहीरपणे सांगावे.

आपला,
एक मुंबईकर